देवाच्या नावावर सोडलेलं गोड

आमच्या घरात आत्तीपुढे 'नको' म्हणायची सोय नव्हती. आत्ती म्हणजे माझ्या वडलांची थोरली बहीण. वडलांना आम्ही आप्पा म्हणायचो. आप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि वर्गात नुसते खाकरले तरी पोरं ताठ बसायची. पण दिवाळीत आत्ती एसटीतून उतरली, की हेच आप्पा तिच्या मागून डबे उचलत यायचे आणि ती कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "शंकऱ्या, किती वाळलास रं!" आप्पांच्या शर्टाची बटणं पोटावर ताणलेली असायची, शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, पण आत्तीला तो दरवर्षी वाळलेलाच दिसायचा. मग वाळलेल्या भावाला पूर्ववत करायच्या कामाला ती लागायची. तिचं गाव मलकापूरच्या आत, डोंगराच्या पायथ्याला. तिथून ती तांदूळ, तूप, घरचा गूळ आणि पितळी डबे भरभरून फराळ आणायची. आमच्या आईनं केलेला फराळ म्हणजे नुसती चव बघायला, खरा फराळ तिचा, अशी तिची समजूत होती. आईनं ती कधी मोडली नाही. "वन्सं, तुमच्या करंजीचं सारण आमाला काय जमत नाही बघा," असं ती म्हणायची आणि आत्तीची पाठ वळली की माझ्याकडे बघून डोळे मोठे करायची.

आत्तीचा आग्रह नुसता तोंडी नसायचा. ती मांडी ठोकून समोर बसायची. पहिला लाडू तुझ्या भुकेचा, दुसरा माझ्या नावाचा, तिसरा आपल्या मेलेल्या आईच्या नावाचा. आता मेलेल्या आईच्या नावाचा लाडू कोण नाकारणार? तरी हात आडवा केलाच, तर "माझ्या गळ्याची आन हाय" म्हणून ती स्वतःच्या गळ्याला चिमूट लावायची, आणि लाडू आप्पांच्या तोंडात जायचा. आमच्या इचलकरंजीच्या काकांनी एकदा भाऊबिजेला पित्त झालंय म्हणून तिची करंजी परत ताटात ठेवली होती. नुसती परत ठेवली, टाकली नव्हती. त्यानंतर आत्ती कित्येक वर्षं त्यांच्या उंबऱ्यावर गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्येच्या पित्ताला मी नगं झाले, मग मी कशाला जाऊ?" आज माझी नात वाढदिवसाच्या केकचा तुकडा हातानं लांब सारून "आजी, शुगर नको" म्हणते आणि कुणाचं काही बिघडत नाही. मला मात्र तेवढ्यानंही धस्स होतं. वाटतं, आत्ती कुठंतरी ऐकत असेल.

तर अशा आप्पांना साखरेचा आजार झाला. पायाला नवी चप्पल लागली होती. कोल्हापुरी चप्पल नवी असताना सगळ्यांनाच लागते, तेल पाजून ती मऊ होते तोवर माणूस लंगडतो, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण आप्पांची जखम भरेना. गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवी तपासली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, आता गोड बंद. या गोळ्या सुरू करा. आणि पायाला जपा. दुसऱ्या कशाहीपेक्षा पायाला जपा." तेव्हापासून आमच्या परसात एक नवीन कार्यक्रम सुरू झाला. एक काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि निळ्या औषधाची बाटली. सकाळी आप्पा ते निळं औषध नळीत घ्यायचे, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि उकळायचे. रंग निळा राहिला तर दिवस बरा. हिरवा झाला तर आई कपाळाला हात लावायची. विटेसारखा लाल झाला, तर काल दूधकट्ट्यावर काय केलंत याचा जबाब द्यावा लागायचा. कारण संध्याकाळी म्हशीच्या पुढ्यात उभं राहून धारेचं फेसाळ दूध साखर घालून प्यायचं, हे आप्पांचं एकमेव व्यसन होतं आणि कट्ट्यावरच्या गवळ्याला डॉक्टरांचा निरोप पोचलेला नव्हता.

"आक्काला कळता कामा नये," हे आप्पांनी पहिल्याच दिवशी आम्हाला बजावलं होतं. आत्तीला ते आक्का म्हणायचे. त्याला दोन कारणं होती. एक तर करंजीचं. दुसरं त्यांनी आईला सांगितलं तेव्हा मी तिथंच भाजी निवडत बसले होते. आमच्या आज्ज्यांचा, म्हणजे आप्पांच्या वडलांचा, आबांचा, शेवट पायाच्या जखमेनं झाला होता. शेतात काटा रुतल्याचं निमित्त झालं, जखम चिघळली आणि वर वर चढत गेली. त्या काळी गावात या आजाराला नावसुद्धा नव्हतं. आप्पा तेव्हा कोल्हापुरात शिकायला होते. आज्ज्यांचा पाय रोज धुतला तो आत्तीनं, लहान लेकरू कडेवर घेऊन माहेरी राहून. "तिला माझा पाय दाखवला तर ती अन्न सोडंल," आप्पा म्हणाले. गणिताच्या मास्तरांचा आवाज असा बसलेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. मला खूप भीती वाटली.

पण दिवाळी काही थांबत नाही. नवरात्र संपलं आणि आईचा जीव खालीवर व्हायला लागला. भाऊबिजेला आत्ती येणार, पाटावर बसवणार, ओवाळणार आणि मग डबा उघडणार. जखम नुकती कुठं सुकायला लागली होती. आईनं बरेच दिवस विचार केला आणि एका सकाळी पोळ्या लाटता लाटता तिनं मार्ग काढला. "डॉक्टरनं नको म्हटलंय असं सांगितलं तर वन्सं डॉक्टरला शिव्या घालतील आणि तुम्हाला लाडू घालतील," ती म्हणाली. "देवापुढं सोडलंय म्हटलं तर हात जोडतील." हे अगदी खरं होतं. आमच्याकडं माणसाच्या पोटाला कुणी मान देत नाही, उपासाला देतं. आजारी माणसाला 'एकानं काय होतंय, घे की' म्हणतात आणि संकष्टी धरलेल्यापुढून ताट उचलून नेतात. आप्पा म्हणाले, "खोटा नवस? दत्ताच्या नावानं?" आई म्हणाली, "नवस बोलायचाच नाही. वाडीला जाऊन यायचं, देवापुढं नुसतं उभं राहायचं. मनात काही म्हणायचं नाही. मग खोटं कसं होईल?"

म्हणून आम्ही नृसिंहवाडीला जाऊन आलो. नदीच्या पायऱ्या उतरून आप्पा पादुकांपुढे हात जोडून उभे राहिले आणि आई त्यांच्या कानाशी कुजबुजत होती, "काही बोलू नका हां मनात. पाढे म्हणा." आप्पांनी खरंच पाढे म्हटले असणार, कारण त्यांचे ओठ हलत होते. गोड सोडायला वाडीला जाणं म्हणजेही एक गंमतच. देवळाच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी. आप्पा मान खाली घालून चालत होते. मी बर्फी मागितली तेव्हा आईनं एकच तुकडा घेऊन दिला आणि म्हणाली, "बेबे, त्यांच्या मागं राहून खा."

भाऊबिजेला आत्ती तिच्या लेकीला, शालनला, घेऊन आली. शालन माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी, हसरी, जरा सावळी. तिला बघायला पाहुणे येत, पोहे संपवत आणि 'कळवतो' म्हणून जात. आत्तीच्या जिवाला तेवढाच एक घोर होता. ओवाळून झालं, आत्तीनं डबा उघडला आणि बेसनाचा लाडू आप्पांच्या तोंडाशी नेला. आप्पा म्हणाले, "आक्का, मी गोड सोडलंय. वाडीला." आईनं म्हटल्याप्रमाणेच झालं. आत्तीचा हात हवेत थांबला. लाडू डब्यात परत गेला आणि तिनं वाडीच्या दिशेला हात जोडले. तिला दिशा बरोबर ठाऊक होती. आईनं माझ्याकडं बघून हळूच श्वास सोडला. तेवढ्यात आत्तीनं विचारलं, "आनि कशापायी सोडलंस रं?"

याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नव्हता. आईनं देव निवडला, गाव निवडलं, दिवस निवडला, पण नवसाला काहीतरी मागणं लागतं ही साधी गोष्ट ती विसरली. गणिताचे मास्तर पाटावर बसल्याबसल्या घामाघूम झाले. त्यांनी छताकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग त्यांची नजर निरांजन सरळ करत असलेल्या शालनवर गेली. "शालनच्या लग्नासाठी," ते म्हणाले.

आत्ती रडायला लागली. मोठ्या आवाजाची बाई ती, पण रडायची अगदी आवाज न करता. "माज्या लेकीसाटनं?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "माज्या लेकीसाटनं त्वां गोड सोडलंस? लहानपनी गुळाच्या ढेपंला चिकटून बसनारा तू?" शालन खाली वाकून मामाच्या पाया पडली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचा चेहरा असा झाला होता की त्यांच्याकडे बघवेना. मग आत्तीनं डोळे पुसले, दुसरा डबा ओढला आणि म्हणाली, "तिखट सोडलं न्हाईस न्हवं?" आणि त्या दिवशी आप्पांनी जेवढ्या चकल्या खाल्ल्या, तेवढ्या आमच्या गल्लीत कुणी खाल्ल्या नसतील.

पुढं जे झालं त्याला काय म्हणावं मला आजही कळत नाही. तुळशीचं लग्न झालं आणि महिन्याभरात शालनचं जमलं! राधानगरीकडचं घर, मुलगा दूध डेअरीत नोकरीला, घरी म्हशी आणि भात. पोहे खाऊन झाल्यावर तिथंच होकार. आत्तीनं गावात घरोघरी सांगितलं की हे शंकऱ्याच्या नवसाचं फळ. लग्नात आप्पा मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभे राहिले आणि पंगतीत बुंदी वाढणारे त्यांच्या पानापुढून हात जोडून पुढे सरकत होते. लोक त्यांच्याकडे बोट दाखवून आपापल्या पोरांना सांगत होते, "बघ, मामा असावा तर असा." लग्नघरात साखरेचा आजार असलेला इतका सुखी माणूस मी पुन्हा कधी बघितला नाही. सकाळची नळी निळी राहायला लागली. जखम पूर्ण भरली. आईसुद्धा सैल झाली आणि एकदा मला म्हणाली, "बघितलंस? बुद्धी लागते." दुसऱ्याच दिवशी आत्तीचा सांगावा आला. नवस फळला, आता तो फेडला पाहिजे. पाडव्याला सगळे तुमच्याकडं येतोय, शंकऱ्याचं गोड सोडवायला.

पाडव्याच्या सकाळी आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. आत्ती, आत्तीचे मालक, शालन आणि तिचा नवरा, शिवाय तिच्या गावच्या दोन बायका, ज्यांना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आत्ती आदल्या दिवशी वाडीला जाऊन आली होती. पेढे आणले होते, बासुंदी आणली होती, पुरण तर ती आमच्या दारात उतरल्यापासून वाटत होती. पाट्यावरचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. एरवी त्या आवाजानं तोंडाला पाणी सुटायचं, त्या दिवशी आई आणि मी तो ऐकत एकमेकींकडं बघत होतो. गुढी उभारली, कडुलिंबाचा पाला सगळ्यांनी तोंडं वाकडी करत खाल्ला, आणि आत्तीनं आप्पांना पाटावर बसवलं. समोरच्या ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, बासुंदीची वाटी, पेढे, बुंदीचा लाडू. तिनं विधीही स्वतःच ठरवला होता. जिच्यासाठी गोड सोडलं तिच्याच हातनं पहिला घास. "आनि आज सगळं संपवायचं," ती म्हणाली, "इतक्या महिन्यांचं भरून काढ."

शालन पुढे झाली. हातात नवा चुडा, डोळ्यांत पाणी. तिनं पोळीचा मोठा तुकडा बासुंदीत बुडवून मामाच्या तोंडाशी नेला. आप्पांनी आईकडे बघितलं आणि मला त्या नजरेवरून कळलं, ते खाणार. तो घास खाणार आणि मागचं सगळं ताटही खाणार, कारण त्या पोरीला नाही म्हणायची ताकद त्यांच्यात नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. आणि वन्संपुढे कधी मान वर न केलेल्या माझ्या आईनं झटकन शालनचा हात धरला. घास खाली पडला. "वन्सं, नका," आई म्हणाली, "त्यांना साखरेचा आजार झालाय. नवस नव्हता. काहीच नव्हतं. मीच सांगितलं होतं तसं बोलायला."

शालनचा नवरा, जो आल्यापासून एक शब्द बोलला नव्हता, तो हळूच म्हणाला, "मंग आमचं लगीन कशानं जमलं?" यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसलो, आजही त्या घरी गेले की मी त्याला विचारते, कळलं का हो जमलं कशानं. पण त्या वेळी कुणी हसलं नाही. सगळे आत्तीकडे बघत होते. मला वाटलं आता ती ताटाबद्दल बोलणार, देवाबद्दल बोलणार.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"झालं वर्षभर," आप्पा म्हणाले.

"पाय दाव."

"आक्का, आता बरा हाय तो..."

"पाय दाव म्हनते न्हवं!"

आप्पांनी पाटाखाली ओढलेला पाय पुढे केला. चप्पल लागली होती तिथं काळपट डाग होता. आत्ती गुडघ्यावर बसली. तिनं तो पाय दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं डागाच्या कडेकडेनं दाबून बघितलं आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग ती उठली. "आबांच्या पायाला मी रोज हात लावला," ती म्हणाली. "वास यायचा तवा घरची मानसं बाहीर जायची. मी गेले न्हाय. आनि माज्या भावाला त्योच आजार झाला, त्यो मला सोडून समद्यांस्नी ठावं. ह्या शेंबड्या पोरीला ठावं. मला खोटा देव दावलासा. मला परकी केलीसा." एवढं बोलून तिनं पिशवी घेतली. आईनं पाय धरले, शालननं हात धरला, पण आत्ती पाण्याचा घोटही न घेता निघून गेली. तिच्यामागून सगळे गेले. संध्याकाळपर्यंत ते ताट तसंच होतं. आम्ही आत्तीच्या रागाची भीती धरली ती करंजीवरून, आणि तिला लागलं ते भलतंच.

त्यानंतर तिकडून काही निरोप नाही. आप्पांनी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. आप्पा पथ्य चोख पाळायला लागले, दूधकट्ट्याकडे फिरकले नाहीत, पहाटे रंकाळ्याला फेरी मारून यायचे, पण नळी निळी झाली तरी त्यांचा चेहरा उजळेना. आई म्हणायची, "साखर उतरली आणि माणूसही उतरला." ती चेष्टेत म्हणायची, पण म्हणून झाल्यावर तिचा स्वतःचाच चेहरा पडायचा. दरवर्षी बेंदराला आत्ती आम्हाला गावी बोलवायची. बैल सजवायचे, त्यांना पुरणपोळी चारायची, संध्याकाळी वाजतगाजत मिरवणूक. त्या वर्षी बोलावणं नाही. बेंदराच्या सकाळी आप्पांनी कपडे घातले आणि म्हणाले, "मी जातो. न बोलावता जातो. हाकललं तर परत येईन. बेबे, चल तू पण." मला त्यांनी का नेलं? एकट्यानं हाकलून घ्यायला त्यांना लाज वाटत असावी.

मलकापूरच्या स्टँडवर उतरलो, पाऊस भुरभुरत होता. चहाच्या टपरीवाल्यानं आप्पांना बघितलं आणि किटली उचलता उचलता ओरडला, "मास्तर न्हवं? आक्काताईचं भाऊ? तुमास्नी साखर झालीया न्हवं! थांबा, बिनसाखरंचा टाकतो." स्टँडवरची सगळी माणसं वळून बघायला लागली. आप्पा छत्रीआड झाले. आम्ही गावाच्या वाटेला लागलो, तर भातात चिखल तुडवत असलेला एक माणूस बांधावर आला आणि लांबूनच ओरडला, "पावणं, पाय कसा हाय आता? भरला का?" पुढं विहिरीवर बायका होत्या. त्यातली एक म्हणाली, "जांभळाच्या बिया वाळवून खावा, माज्या सासऱ्याला उतार पडला." आप्पांनी वर्षभर नळी परसात लपवली, आजार बहिणीपासून लपवला, आणि आता तो पंचक्रोशीत सगळ्यांना पाठ होता. आत्ती पाडव्याहून आली ती घरोघरी फिरली होती. माझ्या भावाला साखर झालीया, कुणाला काय औषध ठावं हाय का, असं ती प्रत्येकाला विचारत होती.

आत्ती दारातच उभी होती. ती 'वाळलास' म्हणाली नाही. आम्ही पाय धुऊन आत बसलो. अंगणात बैल उभे होते, शिंगं रंगवलेली, अंगावर झुली. आत्तीचे मालक परातीतून त्यांना पुरणपोळ्या भरवत होते आणि बैल मिटक्या मारत खात होते. आत्ती आत गेली, एक वाटी घेऊन आली आणि आप्पांपुढे ठेवली. वाटीत हिरवागार रस होता. "कारल्याचा हाय," ती म्हणाली. "घे."

आप्पांनी डोळे मिटून वाटी तोंडाला लावली. त्यांचा चेहरा आक्रसला, खांदे वर गेले, अंग शहारलं. वाटी खाली ठेवेपर्यंत आत्तीनं दुसरी भरली. "आक्का, बास."

"एक तुज्या भुकंची झाली. ही माज्या नावाची."

"अगं लई कडू हाय!"

"माज्या गळ्याची आन हाय, शंकऱ्या."

आप्पांनी तीही घेतली. मग मेलेल्या आईच्या नावाची तिसरी आली. मी पदराचं वय नसलेली पोर, दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते, आणि आत्तीनं माझ्याकडं रागानं बघितलं तर तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. तेवढ्यात शेजारीण आली मेथ्यांचं भिजवलेलं पाणी घेऊन. तिच्या मागून पलीकडच्या घरचे म्हातारे, जांभळाच्या बियांची पूड घेऊन. सणाच्या दिवशी पाहुण्याला रिकाम्या तोंडी पाठवायची त्या गावची रीत नव्हती, आणि गोड द्यायचं नाही अशी आत्तीनं ताकीद दिली होती. मग काय, घराघरांतून कडू यायला लागलं. आप्पांना प्रत्येक दारात दोन मिनिटं बसावंच लागलं. बैलांना पुरणपोळी आणि आमच्या आप्पांना कडुलिंब! त्या रसांनी साखर उतरली का, याची खात्री मला आज स्वतः साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेतानाही देता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी नंतर ऐकलं तेव्हा ते आधी हसले आणि मग म्हणाले, "गोळ्या तेवढ्या बंद करू नका." पण संध्याकाळी आप्पा गावातून परतत होते ते मी बघितलं, जीभ बाहेर काढून, कुणाशीतरी मोठमोठ्यानं बोलत, आणि पाडव्यानंतर पहिल्यांदा ते माझ्या ओळखीचे दिसत होते.

मुक्कामाला राहिलो. सकाळी आत्तीनं कोमट पाण्याचं घमेलं आणलं, भावाला पायरीवर बसवलं आणि त्याचे दोन्ही पाय धुतले. बोटांच्या बेचक्यासुद्धा पुसून कोरड्या केल्या. आप्पा "मी धुतो की" म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. ते एकदा म्हणाले, "आक्का, चुकलं," त्यावर ती म्हणाली, "तळवा वर कर."

मलकापूरपर्यंत ती आमच्याबरोबर चालत आली. गाडीत गर्दी होती. आप्पांना खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुरू झाली, कंडक्टरनं घंटी ओढायला हात वर केला, तेवढ्यात आत्तीनं बाहेरून खिडकीचा गज धरला. आपल्याला सगळी गाडी ऐकतेय याची तिला पर्वा नव्हती, तशी ती कधीच नसे.

"शंकऱ्या, हितनं म्होरं काय बी झालं, तर आदी मला सांगायचं. देवाला मागनं सांगिटलंस तरी चालंल."

आप्पांनी मान हलवली. कंडक्टर घंटीवर हात ठेवून थांबला होता.

"तोंडानं बोल."

"व्हय आक्का," आप्पा म्हणाले, आणि मग तिनं गज सोडला.